बॅटरी माझ्या पर्समध्ये

१० सप्टेंबर, बुधवार

आज न्हाणीच्या छपराचं तिसरं सिमेंटचं टिन फुटलं. शाळेतून आले तर न्हाणीत लख्ख ऊन. वानरं निंबाच्या फांदीवरून थेट न्हाणीच्या टिनांवर उड्या घेतात, तिथून शेजारच्या काकूंच्या वाळवणावर. काकू भिंतीवरून म्हणाल्या, वानरं काई तुमची नाईत मॅडम, पण फांदी त तुमचीच हाय.

फांदी तोडायला माणूस दोनदा आणला. दोन्ही वेळा सरांनी फाटकातून परत पाठवला. मी तोडतो, म्हणे. वैशाखात लकवा आला तेव्हापासून उजवा हात खांद्यापासून लोंबतोय, उजवा पाय ओढत चालतात, पण फांदी तेच तोडणार. कुऱ्हाड कोपऱ्यात उभी आहे तशीच.

नवऱ्याला वहीतसुद्धा सर लिहिते. सवय. अख्खं संग्रामपूर त्यांना सर म्हणतं. सत्तावीस वर्षं मीही शिकवतेय, पण मी फक्त सरांची मॅडम.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सर दुपारभर मोबाइल पाहत होते. मी आल्याबरोबर पडदा माझ्यासमोर धरला. कुणीतरी गोरा माणूस तंबूशेजारी बसून हातभर लांबीच्या आरीनं ओंडके कापतोय. वायर नाही, पेट्रोल नाही, बॅटरीवर. लोणी कापावं तसं.

"पाह्य, एका हातानं चालते."

चार महिन्यांत पहिल्यांदा डोळ्यांत जीव दिसला. बरं वाटलं. आणि लगेच कळलं की हे फांदीसाठी नाही, कॅम्पसाठी आहे.

कॅम्प म्हणजे यांनी शाळेत शिकवलेले जुने स्काउट. आता पन्नाशीला टेकलेत सगळे. दर मार्गशीर्षात त्यांच्यातल्याच संतोषच्या शेतात, सातपुड्याच्या पायथ्याशी, दोन दिवस तंबू ठोकून राहतात. निखाऱ्यांत भाजलेले रोडगे, वरण, वांग्याची भाजी. लाकूड तोडणार सर, बाकीच्यांनी हात लावायचा नाही असा दंडक. रोडग्याची कणीक मी दळून द्यायची, मसाला मी कुटायचा, वांगी मी निवडायची. बावीस वर्षं. ती जागा मी पाहिलेली नाही. पहिल्या वर्षी विचारलं होतं. तिथं बायांचं काय काम, असं उत्तर आलं. दुसऱ्यांदा विचारण्याइतकी मी हलकी नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

शेगावला जाऊन आले. अवजारांचं मोठं दुकान, सरांच्या माहितीतलं. दुकानदारानं माझ्याकडे पाहून आधी कुंड्या दाखवल्या. आरी म्हटलं तर म्हणाला, सरांले पाठवा, मशीन हाय ती. म्हटलं, सर येत नाहीत, मशीन मलाच दाखवा.

वहीत लिहून आणलं ते असं. चार इंची पट्टी हलकी, पण मनगटाएवढ्याच फांदीला पुरते. आठ इंचीला दोन्ही हात लागतात आणि माझा खांदा दुखतो. सहा इंची आपल्याला बरी. बॅटरीसकट वजन हातात धरून पाहायचं, खोक्यावर छापलेलं बॅटरीशिवायचं असतं. (दुकानदारानं हे सांगितलं नाही, मी काट्यावर ठेवायला लावलं.) चेनला ऑइल आपोआप जातं की हातानं थेंब सोडायचे. जास्तीची चेन. हाताच्या पुढे आडवं संरक्षण.

सहा इंचीत दोन निघाल्या. एक स्वस्तातली, नुसता घोडा दाबला की सुरू. दुसरीला लॉक. अंगठ्यानं डाव्या अंगाचं बटण दाबून धरायचं, तेव्हाच घोडा दबतो. उजव्या हातात धरली तर अंगठा बरोबर बटणावर. मग डाव्या हातात धरून पाहिली. अंगठा पलीकडच्या अंगाला गेला. बटण बोटांच्या पेरांखाली, तिथं काही करता येत नाही.

डाव्या हातात धरून बराच वेळ उभी राहिले. दुकानदार म्हणाला, डावखोऱ्या हायत का मॅडम?

नाही म्हटलं.

घेतली नाही. पितृपक्ष चालू आहे, नवी वस्तू कशी न्यावी, अमावास्या झाली की या, असं त्यानंच सुचवलं.

१७ सप्टेंबर, बुधवार

सरांना दोन्ही सांगितल्या. माझी चूक. सांगायचीच कशाला.

"बिनलॉकची आण. लॉकचं माह्या काय कामाचं?"

मी म्हटलं, मी दिवसभर शाळेत असते, तुम्ही एकटे. आरी निसटली तर? राहिलेला हात आहे तो. म्हणाले, तीस वर्षं कुऱ्हाड चालवली, एक बोट गेलं का? नाही गेलं. खरं आहे. त्यांचं कधीच काही गेलं नाही. गेलं ते दुसऱ्यांचं.

कवठ आठवलं. वडनेरहून, माहेरहून, डब्यात रोप आणलं होतं. आठ वर्षं पाणी घातलं. आई गेली त्या साली पहिल्यांदा फळं धरली होती, लिंबाएवढी. तेरावं करून परत आले तर अंगणात बुंधा. कॅम्पला लाकूड कमी पडत होतं. कवठाचं लाकूड चांगलं जळते, एवढंच बोलले. त्या लाकडावर वरण शिजलं आणि उरलेले चार रोडगे माझ्यासाठी पाठवले. खाल्ले मी. याचाच जास्त राग येतो.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री अमावास्या

घेतली. लॉकची.

दुकानदार म्हणाला, आज अमावस, उद्या घट बसतात, एक दिवस थांबा. म्हटलं, मला रविवारचीच सुट्टी. कारण ते नव्हतं. अमावास्येला आणलेल्या वस्तूनं काही वाईट झालं तर लोक अमावास्येला दोष देतील, मला देणार नाहीत. असा विचार मनात आला आणि मी पैसे देऊन मोकळी झाले. उद्या ही वही कुणी वाचली तर वाचो.

घरी आल्यावर सरांनी खोकं मांडीवर घेतलं, डाव्या हातानं आणि दातांनी चिकटपट्टी सोडवली. मदत करू दिली नाही. आरी हातात घेतली. घोडा दाबला. काही नाही. परत दाबला. मग फिरवून बटण पाहिलं.

"दुसरी नव्हती?"

"संपली."

"हाव," म्हणाले. खोक्यात परत ठेवली आणि तोंड भिंतीकडे केलं.

मी मुद्दाम केलं. काळजीपोटी केलं असं लिहायला पेन उचलला होता. अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्याला मला नाव देता येत नाही, पण ते कवठाएवढं जुनं आहे.

२३ सप्टेंबर, मंगळवार

शाळेतून आल्यावर मीच चालवली. चष्मा, कॉटनचे हातमोजे, पदर खोचलेला. सर खुर्चीत. आधी जमिनीवर उभं राहून हाताला येणाऱ्या बारक्या फांद्या. काय सांगू. घोडा दाबला की हातात एक घरघर येते आणि फांदी आपली खाली. आनंद झाला. इतका झाला की लाज वाटली आणि मी त्यांच्याकडे पाठ केली.

मग मांडीएवढी फांदी. मागून आवाज आला, "आधी खालून थोडा काप देजो, मंग वरून काप." ऐकलं नाही. एकदा तरी माझ्या मनानं. वरून कापली. फांदी अर्ध्यात मोडली आणि जाताना बुंध्याची साल हातभर सोलत घेऊन गेली. झाडाला पांढरी जखम.

सर बोलले असते तर भांडता आलं असतं. दुसऱ्या फांदीला खालून काप दिला, मग वरून. स्वच्छ पडली.

न्हाणीवरची मोठी फांदी अजून आहेच. शिडीवर चढून आरी चालवायची नाही असं माहितीपत्रकात लिहिलंय. माझी हिंमतही नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आता रोज बॅटरी काढून पर्समध्ये घालून शाळेत नेते. आरी घरी, बॅटरी माझ्याजवळ. आज हजेरीपत्रक काढताना ती टेबलावर घरंगळली. मु.अ. म्हणाले, काय हो मॅडम, हे काय घेऊन फिरता? म्हटलं, घराची किल्ली. हसले. मला हसू आलं नाही.

लेकीचा फोन पुण्याहून. माणूस लावून फांदी तोडून घे ना आई, म्हणते. तिला वाटतं प्रश्न फांदीचा आहे.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सकाळी पाट मांडला. कुऱ्हाड, कोयता, खुरपं, विळी, माझा लाल पेन, आणि आरी. दरवर्षी पूजा सर करतात. यंदा मी ताम्हन घेऊन बसले तर म्हणाले, थांब.

डाव्या हातानं कुंकू लावायचं नाही, एवढं ते पाळतात. बाकी देवाधर्माचं फारसं नाही, पण हे पाळतात. डाव्या हातानं उजव्या हाताचं मनगट धरलं, उचललं, लोंबणारं बोट कुंकवात बुडवलं आणि एकेका अवजाराला टेकवलं. लहान मुलाचा हात धरून गिरवून घेतात तसं. कुऱ्हाडीला नीट लागलं. आरीला लावताना बोट घसरलं आणि कुंकू बरोबर लॉकच्या बटणावर पडलं.

मग म्हणाले, "बॅटरीची पूजा नाई करत का?"

उठले. पर्स आणली. त्यांच्यासमोर उघडून बॅटरी काढली आणि पाटावर ठेवली. तर आता त्यांना जागा कळली. मलाही लपवायचा कंटाळा आला होता.

मला आपट्याचं पान देताना तीच कसरत केली. मी पाया पडले. रीत म्हणून.

१२ ऑक्टोबर, रविवार

दहा दिवस झाले. पर्स रोज रात्री खुंटीला, त्यांच्या हाताच्या अंतरावर. बॅटरीला हात लावलेला नाही. रोज उठल्यावर आधी तेच पाहते. रागावलेला माणूस बरा, हे गप्प राहणं मला ओळखीचं नाही. एकतीस वर्षांत हा माणूस कधी गप्प बसला नव्हता.

वानरांनी आज चौथं टिन.

९ नोव्हेंबर, रविवार

दिवाळीची सुट्टी संपली. महिनाभर वही उघडली नाही. लिहिण्यासारखं काही झालं नाही, म्हणजे ते बोलले नाहीत आणि मीही.

आज आरी साफ करायला घेतली. चेनमधला भुसा, ऑइल. कुंकू मी पुसलं नव्हतं, तरी बटणावरचं गेलेलं. बटण गुळगुळीत, चकचकीत. एवढं मी वापरलेलंच नाही. म्हणजे मी शाळेत असताना ते बिनबॅटरीची आरी घेऊन बसतात. रोज. बटण दाबायचा सराव करतात.

आरी होती तशी ठेवली. वाईट वाटलं हे खरं, आणि असं वाटायला लावलं म्हणून त्यांचा रागही आला.

१६ नोव्हेंबर, रविवार

संतोष आला होता. मोटारी वाइंडिंग करतो, शेतीही आहे, सरांचा लाडका. कॅम्प एकोणतीसला ठरला. सरांना जीपमधून नेऊ, परत आणून सोडू, काही काळजी करू नका. सरांशी आत बराच वेळ बोलला. मग चपला घालता घालता फाटकाशी थांबला, मान खाली.

"मॅडम, सर म्हणून राह्यले, आरीचं लॉक काढून दे. पाच मिनिटांचं काम हाय. पण म्हटलं, तुमाले पुसावं."

एकतीस वर्षांत या घरातल्या अवजाराबद्दल मला कुणी पहिल्यांदा काही विचारलं. मी म्हटलं, नको काढू.

"बरं." तरी उभाच. म्हटलं, आणखी काय?

"सरायले माहीत हाय मॅडम. दुसरी आरी दुकानात होती ते. बिलावर नंबर होता, दुसऱ्याच दिवशी फोन केला त्यायनं. मले म्हणाले, तिले सांगजो नको."

तो गेल्यावर मी फाटकाची कडी लावली, परत काढली, परत लावली.

म्हणजे घट बसले त्या दिवसापासून माहीत. फांदी कापताना खुर्चीत बसून माहीत. दसऱ्याला कुंकू लावताना माहीत. एका शब्दानं बोलले नाहीत. मला वाटत होतं मी त्यांना फसवलं, आणि ते मला फसू देत होते. माफ केलं असेल तर ते मी मागितलं नव्हतं. आणि माफ केलं नसेल तर दोन महिने माझ्या हातचं जेवले कसे?

२३ नोव्हेंबर, रविवार

आज बोलायचं ठरवून बोलले. चहा ठेवला आणि म्हटलं, दुकानात दुसरी होती.

"हाव. माहीत हाय."

"मग बोलले काऊन नाही?"

त्यांनी कपातला चहा बशीत ओतला. डाव्या हातानं आता सांडत नाही. म्हणाले, मी बोललो असतो तर तू बदलून आणली असती. आणि मग आरी चालवताना दर वेळी तुझं तोंड पाहावं लागलं असतं.

मग ते म्हणाले, कॅम्पच्या जागेबद्दल. तिथं नाल्याच्या काठानं कवठाची झाडं आहेत, पंधरावीस तरी, फळं नुसती खाली पडून राहतात, कुणी उचलत नाही. यंदा पोतंभर आणतो तुझ्यासाठी.

समेट करायला बोलत होते, मला कळत होतं. पण माझं डोकं तिथंच अडकलं. पंधरावीस झाडं.

"तिथं इतकी होती, तर मग माह्यंच काऊन तोडलं?"

बशी खाली ठेवली त्यांनी. टाळायचं म्हणून नाही, खरंच आठवत होते.

"जवळ होतं," म्हणाले.

एवढंच. राग नव्हता, सूड नव्हता, मला दुखवायचं मनातही नव्हतं. वीस वर्षं मी त्या बुंध्याभोवती काय काय रचलं होतं. हाताशी होतं म्हणून तोडलं. चहा तसाच ठेवून मी उठले.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

कणीक जाडसर दळून आणली. मसाला कुटला. वांगी उद्या सकाळी ताजी घेईन. यंदा देऊ नये असं वाटलं होतं. हात आपलं काम करतात.

त्यांची पिशवी भरायला घेतली तर आरी त्यांनी आधीच ठेवलेली, पट्टीवर टोपण घालून. मुठीभोवती सायकलच्या ट्यूबचं रबर, रुंद कापलेलं, घट्ट. रबराखाली लॉकचं बटण दाबलेलं. घोडा दाबून पाहिला. सहज दबला.

संतोषनं केलेलं नाही. रबराची एक कड वाकडीतिकडी कापलेली आहे आणि त्यावर दातांचे वण आहेत. मी पाहावं म्हणूनच वर ठेवलं होतं, नाहीतर कपड्यांखाली ठेवलं असतं.

काढायला बोट घातलं होतं रबरात. मग बोट काढून घेतलं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळची शाळा करून आले. जीप दारात. संतोष आणि आणखी दोघं, डोक्याला मफलर, पोरांसारखे खूश. सर खाकी शर्टात. बटणं एका हातानं लावली आहेत, एक घर चुकलंय. सांगितलं नाही.

डबे दिले. कणीक, मसाला, वांगी. पिशवी जीपमध्ये गेली. मग ते पाय ओढत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले.

मला वाटलं, आता हात पुढे करतील, बॅटरी मागतील. देणार नव्हते. नाही म्हणायचे शब्द शाळेतून येतानाच जुळवून ठेवले होते. राहिलेला एक हात, तोही गेला तर मी एकटीनं सांभाळायचं नाही, असं काहीतरी.

हात पुढे केला नाही. म्हणाले, "तू चल. बॅटरी तुह्याजवळच राहू दे."

"तिथं बायांचं काय काम?"

त्यांना आठवत नसावं. किंवा आठवत असेल. म्हणाले, "खालून काप देता येते आता तुले." आणि वळून गेले.

बावीस वर्षांनी बोलावणं आलं, ते मला की बॅटरीला, कळत नाही. विचारायला गेले तर खरं सांगतील, म्हणून विचारत नाही. मी गेले तर ते रबर लावून डाव्या हातानं आरी धरतील, बॅटरी मी माझ्या हातानं बसवायची आणि समोर बसून पाहायचं. नाही गेले तर बॅटरी इथं आणि सर तिथं, सगळ्या स्काउटांसमोर मुकी आरी घेऊन. हेच तर मला सप्टेंबरात हवं होतं.

ओट्यावर वही ठेवून उभ्यानं लिहितेय. बॅटरी शेजारी. बटण दाबून पाहिलं, चारही हिरवे दिवे लागतात. काल रात्री मीच चार्ज केली, कशासाठी ते स्वतःलाही विचारलं नाही.

संतोषनं हॉर्न वाजवला. सर त्याला थांब म्हणाले, इथपर्यंत ऐकू आलं.